मासा व रोप : पाणी एक, घर वेगळे

प्लॅस्टिकने आच्छादिलेल्या हरितगृहात एका बाजूस माशांच्या टाक्या ठेवावयाच्या, दुसऱ्या बाजूस उष्ण प्रदेशांतील झाडे अथवा भाजीपाला लावावयाचा आणि टाक्यांतील पाणी झाडांच्या मुळांवरून फिरवून पुन्हा टाक्यांत सोडावयाचे, या पद्धतीविषयी शेतकरी वर्गात सध्या बरेच कुतूहल आहे. पद्धत खोटी नाही. तिच्या मुळाशी असलेले तत्त्व शास्त्रशुद्ध आहे. परंतु तत्त्व चांगले असले म्हणून त्याचा परदेशी पेहराव आपल्या अंगास बसेलच असे नाही. कर्ज काढून हे छप्पर उभारण्यापूर्वी याचा विचार झाला पाहिजे.

प्रथम तत्त्व पाहू. मासा जे खाद्य खातो त्यातील प्रथिनांचा थोडाच अंश त्याच्या शरीरात मांसरूपाने राहतो. उरलेले नत्र बहुतांशी अमोनियाच्या रूपाने पाण्यात येते. हा अमोनिया माशास विषासमान आहे. पाण्यातील एका जातीचे सूक्ष्म जिवाणू त्याचे नायट्राइट करतात व दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट हे वनस्पतीचे आवडते अन्न होय. अशा रीतीने माशाची घाण हेच रोपाचे अन्न ठरते आणि रोप पाणी स्वच्छ करून माशाचे ऋण फेडते.

या तत्त्वाला काचेचे व प्लॅस्टिकचे छप्पर का लाभले, हे त्याच्या जन्मस्थानावरून कळते. अमेरिकेत 1969 साली स्थापन झालेल्या न्यू अल्केमी या संस्थेने मॅसॅच्युसेट्स राज्यात सूर्याच्या उष्णतेवर चालणारी हरितगृहे बांधून त्यांत तिलापिया माशांच्या टाक्या ठेवल्या. तेथील हिवाळा बर्फाचा. दिवसा टाकीतील पाणी तापे आणि रात्री ती ऊब हळूहळू बाहेर सोडी. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत मासा जगे व झाडही जगे. तेथे छप्पर हे ऊब साठविण्याचे साधन होते आणि पाणी ही त्या उबेची कोठी होती.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यास उबेची वाण नाही. त्याची अडचण नेमकी उलट आहे. विदर्भात व मराठवाड्यात वैशाखात बाहेरचेच तापमान 43-44 अंशांवर जाते. बंदिस्त छपराखाली ते आणखी चढते. पाणी जसजसे तापते तसतसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. 20 अंश तापमानास एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तर 35 अंशांस जेमतेम 7. माशाची प्राणवायूची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढत जाते. म्हणजे आवक घटते आणि खर्च वाढतो. त्यातच टाकीत मासे दाटीने साठविलेले असले म्हणजे हवा देणारा पंप क्षणभरही थांबून चालत नाही. शेतीची वीज पाळीपाळीने मिळणाऱ्या गावी एका रात्रीच्या खंडाने सारा साठा पालथा पडू शकतो, आणि कर्जाचा हप्ता तेवढा उरतो.

दुसरी अडचण फवारणीची. बंदिस्त घरात पांढरी माशी, मावा व कोळी यांचा उपद्रव लवकर वाढतो. शेतकरी औषधाकडे वळतो. पण अनेक कीटकनाशके, विशेषतः पायरेथ्रॉइड वर्गातील, माशास अत्यल्प मात्रेतही घातक ठरतात. पाणी एकाच चक्रात फिरत असल्यामुळे पिकाचा उपचार हाच माशाचा मृत्यू होऊन बसतो. दोघांना एका घरात कोंडले की दोघांचेही हात बांधले जातात.

तिसरी गोष्ट हिशेबाची. माशाच्या पाण्याने खताचा खर्च उडतो, असे सर्रास सांगितले जाते. भुईमूग पेंड व भाताचा कोंडा समभाग मिसळून केलेल्या 100 किलो खाद्यात सुमारे सव्वाचार किलो नत्र असते. त्यातील काही माशाच्या अंगी लागते व सुमारे तीन किलो पाण्यात व गाळात उरते. हे नत्र साडेसहा किलो युरियाइतके झाले. हंगामात 400 किलो खाद्य घातले तरी हिशेब 26 किलो युरियावर थांबतो. 45 किलोची एक गोणीही भरत नाही. हे खत टाकाऊ नव्हे, परंतु केवळ त्यासाठी कोणी मासे पाळू नयेत. मासे पाळावयाचे ते एकाच पाण्यातून दोन उत्पन्ने निघतात म्हणून. अवर्षणग्रस्त प्रदेशात याहून मोठा लाभ दुसरा कोणता ?

हा लाभ देणारे साधन पुष्कळ शेतकऱ्यांच्या शिवारात आधीच आहे. ते म्हणजे शेततळे. 2016 साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाली आणि शेततळी गावोगाव पोहोचली. त्यांतील कित्येक तळी केवळ पाण्याची पेटी होऊन राहिली आहेत. 30 मीटर लांब व 30 मीटर रुंद तळ्याचे तोंड सुमारे नऊ गुंठे भरते. हेक्टरी 5,000 बोटुकलीच्या प्रमाणाने त्यात 450 बोटुकली सोडता येतात. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो, म्हणून हे तिन्ही सारख्या प्रमाणात घ्यावेत व दहावा हिस्सा गवत्या माशाचा ठेवावा. पाणी आठ-दहा महिने टिकले, 300 मासे हाती लागले आणि ते सरासरी पाऊण किलोचे भरले, तर सव्वादोन क्विंटल मासळी होते. पाणी लवकर आटणाऱ्या तळ्यात मोठ्या आकाराची बोटुकली सोडून मासळी उन्हाळ्यापूर्वीच काढावी.

तळ्याच्या बांधाबाहेर पायथ्याशी केळी, पपई व अळू लावावे. मोठी झाडे बांधावर लावू नयेत, कारण त्यांच्या मुळांनी प्लॅस्टिक फाटते. पिकास पाणी तळाजवळून घ्यावे, कारण गाळ व घाण तेथेच साचते. ठिबक असल्यास वाळूची गाळणी अवश्य बसवावी. केळीची कोवळी पाने व हत्तीगवत चिरून टाकले तर गवत्या मासा ते आवडीने खातो. झाडाने माशास द्यावे आणि माशाने झाडास, हे चक्र येथे छपरावाचून पुरे होते.

हा विचार या देशास नवखाही नाही. कोलकात्याच्या पूर्वेस सुमारे 12,500 हेक्टर पाणथळ प्रदेशात शहराच्या सांडपाण्यावर मासे वाढतात व तलावांतून सुटलेल्या पाण्यावर भात पिकतो. 2002 साली या प्रदेशास रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तेथे तलाव वेगळा आणि शेत वेगळे. दोहोंना जोडते ते पाणी.

ज्याचे हरितगृह आधीच उभे आहे, त्यानेही हाच धडा घ्यावा. मासे तळ्यात ठेवावेत, तळ्याचे पाणी हरितगृहास द्यावे, पण हरितगृहातील निचरा तळ्यात परत येऊ देऊ नये. मग पिकास औषध देता येते व मासाही सुखरूप राहतो. खात्रीची वीज, शहराची बाजारपेठ आणि रोज पाणी तपासण्याची चिकाटी हे तिन्ही ज्याच्यापाशी असेल त्याने टाक्यांची पद्धत लहान प्रमाणावर जरूर करून पाहावी. त्याच्यासाठीही बहुतेक भागांत बंद प्लॅस्टिकपेक्षा शेडनेटची सावली अधिक हिताची.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने या कामी नुसता प्रचारक होऊ नये. शेतकऱ्यास त्याने तीन प्रश्न विचारावेत : तळ्यात पाणी किती महिने टिकते ? पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेऊ लागले तर पाणी खळबळविण्यास घरचे कोण उपलब्ध आहे ? आणि मासळी कोठे विकणार ? तिन्हींची उत्तरे मिळाल्यावरच बोटुकलीची मागणी नोंदवावी. प्लॅस्टिकच्या तळ्यास कुंपण आहे का आणि काठावर गाठी मारलेला दोर बांधला आहे का, हेही त्याने स्वतः पाहावे. निसरड्या उतारावरून आत पडलेल्या मुलास वा जनावरास आधारावाचून वर येता येत नाही.

नवी वस्तू पाहून आधी पैसा घालावयाचा व मग तिचे कारण शोधावयाचे, हा व्यवहार शेतीस परवडत नाही. परदेशातील शेतकऱ्याने आपल्या थंडीवर उपाय शोधला. येथील शेतकऱ्याने आपल्या टंचाईवर शोधावा. त्याची सुरुवात घरच्या तळ्यापासून करता येते.