तापणारा जुना लॅपटॉप

वाचकहो, आपल्या घरी सात-आठ वर्षांचा लॅपटॉप असेल, तर उन्हाळ्यातील त्याची तक्रार आपल्या परिचयाची असेल. पंखा घरघरू लागतो, तळाला हात लावता येत नाही, आणि मुलांचा अभ्यास ऐन रंगात आला असता यंत्र आपोआप बंद पडते. मग नवा घेण्याचा विचार सुरू होतो. हा खर्च कुटुंबाला जाचणारा असतो. तेव्हा तत्पूर्वी आत साचलेली धूळ अवश्य तपासावी.

प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीवाटे कडेच्या बारीक पत्र्यांपर्यंत पोचते व पंखा ती झरोक्यातून बाहेर लोटतो. पंखा आणि पत्रे यांच्यामध्ये धूळ व तंतू साचून कालांतराने त्यांची जणू गोधडीच होते. उष्णता १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेली, की बहुतेक प्रोसेसर प्रथम आपला वेग कमी करतात. तेवढ्याने भागले नाही, तर यंत्र बंद होते. आपण ज्याला म्हातारपण म्हणतो, ते पुष्कळदा हे स्वसंरक्षणच असते.

लॅपटॉप गादीवर ठेवू नये, तळाचे झरोके बुजतात. साधा लाकडी पाट उत्तम. पुष्कळसे लॅपटॉप सभोवतालच्या सुमारे ३५ अंश तापमानापर्यंतच वापरावयाचे असतात. नागपूर वा ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. तेथे जड कामे सकाळीच उरकावीत. (थंड करण्यासाठी लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला कोणी दिल्यास मुळीच मानू नये; आत दव धरते.)

धुळीची गोधडी बाहेरून फुंकून निघत नाही. तळाचे झाकण माहितगार कारागिराकडून, शक्य तर आपल्यासमक्ष, उघडवावे. हवेचा झोत सोडताना पंख्याचे पाते धरून ठेवावे लागते. एरवी ते भलत्या वेगाने फिरून बिघडते. प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप वाळला असल्यास तोही त्याच वेळी बदलून घ्यावा.

एका बाबतीत मात्र दिरंगाई नको. टचपॅड वर उचलले गेले असेल, किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर बॅटरी फुगली असण्याचा संभव असतो. अशा बॅटरीला आग लागू शकते. यंत्र तत्काळ बंद करून चार्जर काढावा. बॅटरी दाबू वा टोचू नये, मुलांच्या हाती लागू देऊ नये. कारागिराने ती काढल्यावर घरच्या कचऱ्यात न टाकता वेगळी जमा करावी. बॅटरी-कचऱ्याविषयीच्या २०२२ च्या नियमांनी ही जबाबदारी वापरणाऱ्यावरही टाकली आहे.