डिझेलच्या टिपाडाला टेकून माणसं नेऊ नका



नांगरटीचे दिवस आहेत. पंप लांब, ट्रॅक्टर रानात, तेव्हा पिकअपमधून डिझेल आणावंच लागतं. ते आणू नका असं मी म्हणत नाही. पण आपली आणायची जी रीत आहे ती बघून अंगावर काटा येतो. हौद्यात दोनशे लिटरचं टिपाड उभं, दोरी नाही. बुच हरवलेलं म्हणून तोंडात चिंधी कोंबलेली. वरून गोणपाट. आणि त्याच टिपाडाला टेकून कांदा काढणीच्या बाया बसलेल्या, एकीच्या मांडीवर पोर. कडेला उभा असलेला गडी बिडी ओढतोय.

बोलायला गेलं की ठरलेलं उत्तर, "तात्या, डिझेल आहे ते, पेट्रोल नाही. काडी टाकली तरी विझते."

विझते, पण कधी? थंडीत. डिझेलची वाफ पेट घेण्याचं जे तापमान असतं, ते आपल्या देशाच्या मानकात किमान ३५ अंश धरलंय. मे महिन्यात आपल्याकडं सावलीत ४२-४३ होतं. उन्हातल्या लोखंडी हौद्याला तर हात लावता येत नाही. मग तुमची ती काडीची परीक्षा मे महिन्यात कशी लागू पडेल?

आणि गोणपाटाचं काय? रॉकेलच्या डब्याला काडी लावली तर पटकन पेटत नव्हतं, पण चिमणीची वात लगेच पेटायची. डिझेलनं भिजलेलं गोणपाट आणि तोंडातली चिंधी म्हणजे वातच की.

आता वजन बघा. दोनशे लिटर डिझेल म्हणजे १६५ किलोच्या आसपास, युरियाच्या पावणेचार गोण्या. त्यात अर्धं भरलेलं टिपाड जास्त वाईट, आतलं तेल हिंदकळतं आणि वळणावर टिपाडाला घेऊन पडतं. ते बाईच्या पायावर पडलं तर आगीची गरजच नाही.

काही जण पोलिसाच्या भीतीनं झाकून नेतात. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात, एकही भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर एका ठिकाणी २५०० लिटरपर्यंत डिझेल ठेवायला आणि न्यायला परवाना लागत नाही. पंपवाला सुट्टं द्यायला कुरकुर करतो ते वेगळं. मग लपवायचं कशाला? उघडं ठेवा, नीट बांधा.

माझं म्हणणं, टिपाडापेक्षा घट्ट आट्याच्या झाकणाचे वीस लिटरचे कॅन बरे. पंपावर कॅन खाली जमिनीवर ठेवून भरा, नोझल तोंडाला टेकलेलं असू द्या. प्लास्टिकच्या चटईवर ठेवून भरलं तर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. काठोकाठ भरू नका, डिझेल उन्हात फुगतं. दोनशे लिटर वीस अंशानं तापलं तर तीन लिटरच्या वर वाढतं. ज्यात आधी पेट्रोल होतं तो कॅन डिझेलला नकोच. फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन तर कशालाच नको. सोबत पावडरचा अग्निशामक ठेवा, नाहीतर निदान दोन घमेली वाळू. पाणी ओतलं तर पेटलेलं डिझेल पाण्यावर तरंगत पसरतं.

नळी तोंडानं ओढायची ती सवय पण सोडा. घोटभर डिझेल फुफ्फुसात गेलं तर माणूस दवाखान्यात जातो. कुणी गिळलंच तर मीठपाणी पाजून ओकारी काढू नका, ओकताना तेच तेल छातीत उतरतं. हातपंप किंवा दाबायची रबरी फुगेवाली नळी काही महाग नसते.

कृषी विभागाच्या साहेबांना पण एक विचारायचंय. ट्रॅक्टर, रोटाव्हेटरच्या अनुदानाचे मेळावे घेता, त्यात डिझेल कसं आणायचं यावर दहा मिनिटं का बोलत नाही?

आणि गाडीवाल्यांनो, मजुरांची खेप वेगळी करा. एका फेरीचं डिझेल वाचवायला बाया टिपाडाजवळ बसवता, तिथं आपली आई बसवाल का? उद्या सकाळी फाट्यावर असली गाडी दिसली तर मी आडवा उभा राहणार आहे. राग आला तर येऊ द्या.