तेच स्वप्न पुन्हा का पडते?

एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडू लागले की माणूस त्याचा अर्थ शोधू लागतो. स्वप्नफळांचे कोष्टक उघडणारा त्यात भविष्य पाहतो, चार पुस्तके वाचलेला दडपलेली इच्छा पाहतो. दोघांचेही गृहीत एकच असते: गुपित काय ते स्वप्न पाहणाऱ्याच्या आत आहे. रायगड जिल्ह्यातल्या, दरडी आणि पूर सोसणाऱ्या महाड आणि पोलादपूरच्या बाबतीत हे गृहीत मला अपुरे वाटते. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ हे खरे, पण मनात ते कोठून येऊन वसले, हे विचारल्याशिवाय स्वप्नाचा अर्थ लागत नाही. दरडीखालच्या वाडीत राहणाऱ्याला दरड स्वप्नात दिसत असेल, तर त्याच्या स्वभावाचा शोध घेण्याआधी मान वर करून डोंगराकडे पाहिलेले बरे.

2005 पासूनचा इथला हिशेब नुसता मांडला तरी पुरे. जुलै 2005 च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन या गावांवर दरडी आल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, त्याबरोबर दोन एसटी बसही गेल्या. 28 जुलै 2018 ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून 30 जण मृत्युमुखी पडले. ऑगस्ट 2020 मध्ये महाड शहरात तारिक गार्डन ही इमारत कोसळली आणि 16 जण दगावले. पुढच्याच वर्षी, 22 जुलै 2021 ला, तळिये गावात डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक लोक गेले. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथे दरडी कोसळल्या, महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरणारी सावित्री महाडजवळ गांधारी आणि काळ नद्यांचे पाणी घेते, आणि नेमकी खाडीला भरती असली तर ते पाणी पुढे सरकत नाही. म्हणजे ही संकटे घडून संपली असे म्हणायची सोय नाही. दर पावसाळ्यात दरडप्रवण वाड्यांना स्थलांतराच्या नोटिसा जातात, ही सरकारनेच दिलेली कबुली आहे.

वारंवार पडणाऱ्या भीतीच्या स्वप्नांनी खुद्द फ्रॉइडलाही अडचणीत आणले होते, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती, हा त्याचा सिद्धांत. पण पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक रोज रात्री त्याच स्फोटात जाऊन पोचत, आणि त्यात कोणती इच्छा पुरी होते हे त्याला दाखवता येईना. 1920 च्या पुस्तकात त्याने ही स्वप्ने आपल्या नियमात बसत नाहीत हे मान्य केले. पुढे 1989 मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात मोठा भूकंप झाला, तेव्हा तिथल्या आणि दूर ॲरिझोनातल्या विद्यार्थ्यांच्या दुःस्वप्नांची तुलना करण्यात आली. भूकंपाची स्वप्ने भूकंप सोसलेल्या भागातल्या मुलांना कितीतरी अधिक पडत होती. 1986 च्या आणखी एका अभ्यासात वारंवार तेच स्वप्न पडणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य इतरांपेक्षा खालावलेले आढळले, आणि ज्यांना असे स्वप्न पूर्वी पडायचे पण आता थांबले होते, त्यांचे चांगले. या सगळ्यातून मी एवढाच निष्कर्ष काढतो: वारंवार येणारे स्वप्न हा न मिटलेल्या प्रश्नाचा पुरावा असतो. प्रश्न घरातला असेल, नोकरीतला असेल किंवा डोक्यावरच्या कड्याचा असेल.

यावर पहिला आक्षेप असा की स्वप्न म्हणजे झोपेतल्या मेंदूची निरर्थक खळबळ. हॉब्सन आणि मॅककार्ली यांनी 1977 मध्ये मांडलेले मत साधारण याच वळणाचे होते: मेंदूच्या तळातून संदेश उसळतात आणि वरचा मेंदू त्यांची कशीबशी गोष्ट जुळवतो. एखाद्या रात्रीच्या विचित्र स्वप्नाला हे लागू पडेलही. पण ती निव्वळ खळबळ असती तर ती दर खेपेला त्याच पायवाटेने का आली असती? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उंचावरून पडणे, कोणीतरी पाठलाग करणे, परीक्षेला उशीर होणे ही स्वप्ने जगभर पडतात; मग महाडच्या माणसाच्या स्वप्नात खास ते काय? फिनलंडच्या अँटी रेव्होन्सुओ यांच्या मते स्वप्न ही धोक्याला तोंड देण्याची तालीम आहे, आणि ती आदिमानवाच्या काळापासून चालत आली आहे. हे मत सर्वांना पटलेले नाही. मलाही ते पूर्ण पटत नाही, कारण अनेक दुःस्वप्नांत माणूस काहीच करू शकत नाही, नुसता थिजून राहतो. ती कसली तालीम? तरी त्यातला एक धागा उपयोगाचा आहे. साचा सर्वांचा सारखा असेल, पण त्यात ओतला जाणारा ऐवज त्या त्या गावचा असतो. पाठलाग करणारा वाघ असेल, सावकार असेल, नाहीतर मध्यरात्री जोत्याला लागलेले पाणी.

आपल्या परंपरेत स्वप्नाला मान आहे, आणि तो सरसकट अंधश्रद्धेच्या खात्यावर टाकण्याची घाई मी करणार नाही. तुकोबांना गुरूपदेश स्वप्नात मिळाला, शिऊरच्या बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रह स्वप्नात झाला, असे वारकरी मानतात. तिथे स्वप्नानंतर माणूस कामाला लागला, हे महत्त्वाचे. आपत्तीनंतर मात्र हाच मान उलटू शकतो. गेलेली माणसे वारंवार स्वप्नात येतात, म्हणजे त्यांचे काहीतरी राहिले, आपल्याकडून चूक झाली, देवाचा कोप झाला, असा अर्थ लावला जातो आणि वाचलेला माणूस स्वतःलाच आरोपी करतो. त्यातून कोणी उतारा सुचवतो, कोणी पैसे उकळतो. आपण वाचलो आणि ते गेले, ही टोचणी आपत्तीतून वाचलेल्यांमध्ये जगभर दिसते. तिच्यातून त्या माणसाची माया कळते, त्याचा गुन्हा नव्हे. स्वप्न आपल्याविषयी काही सांगत असेल तर ते इथे: आपण कोणासाठी धावलो असतो, कोणाला आधी बाहेर काढले असते, कशाला घर म्हणत होतो.

‘आधी घरे द्या, मग स्वप्नांचे बघू’ असेही कोणी म्हणेल, आणि ते रास्तच आहे. तळियेच्या कुटुंबांना पक्क्या घरांची वाट पाहत कंटेनरच्या घरांत पावसाळे काढावे लागले; पत्र्यावर पाऊस वाजत असताना कोणत्या समुपदेशकाने काय सांगायचे? डोंगर तसाच ठेवून माणसाच्या भीतीवर गोळी देणे हा उपचार नव्हे. पण घर मिळाले की झोप आपोआप परत येते, हेही खरे नाही. दुःस्वप्नांवर एक साधी पद्धत उपलब्ध आहे: ते स्वप्न जागेपणी लिहायचे किंवा सांगायचे, त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा आणि तो बदललेला शेवट रोज काही मिनिटे मनात घोळवायचा. बॅरी क्राको आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या 168 स्त्रियांवर ती तपासली, आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दुःस्वप्ने कमी झालेली आढळली. प्रशिक्षित माणूस लागतो, पण मोठे रुग्णालय लागत नाही. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे. जूनमध्ये तलाठी स्थलांतराची नोटीस घेऊन वाडीवर जातो, तेव्हा सोबत आशाताईंनी ‘झोप लागते का, तेच स्वप्न पडते का’ एवढे विचारले आणि उत्तर प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदवले, तर त्याला वेगळा निधी लागणार नाही. या नोंदी पुनर्वसनाच्या फायलीलाही जोडाव्यात. नवी घरे मिळून दोन पावसाळे गेल्यावरही एखाद्या वाडीत लोक रात्री दचकून उठत असतील, तर त्यांना भित्रे ठरवण्याआधी भूवैज्ञानिकाला त्या नव्या जागेच्या उतारावर पुन्हा एकदा पाठवावे.