नकाशे हजार, पण घर कोणाचे?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. लग्नाचा ताप कंत्राटदारांनी केव्हाच हलका केला. आता घराच्या नकाशाचा ताप संगणक हलका करणार आहे. 'जनरेटिव्ह डिझाइन' हे या नव्या तंत्राचे नाव. प्लॉटचे माप, बांधकामाचे नियम, खोल्यांची संख्या आणि कशाला किती महत्त्व द्यायचे एवढे सांगितले की संगणक हजारो नकाशे पुढ्यात टाकतो. वर्धा रोड, बेसा, हिंगणा अशा चारही दिशांनी वाढणाऱ्या आपल्या नागपूरकरांनी हा विषय परका समजू नये. मी या तंत्राच्या विरोधात नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, नकाशे संगणकाने खुशाल काढावेत. गरजांची यादी मात्र घरात राहणाऱ्यांनी करावी.

मुळात संगणकाला हे साधते कसे? सहा खोल्या सहा जागी मांडायच्या तर ७२० रीती होतात. दहा खोल्या असतील तर ३६ लाखांहून अधिक. माणूस चार-पाच नकाशांतच थकतो. संगणक थकत नाही. तो आधी वाटेल तसे नकाशे काढतो, प्रत्येकाला गुण देतो, सरस तेवढे ठेवतो, त्यांची सरमिसळ करून नवी पिढी तयार करतो आणि पुन्हा गुण देतो. पुढच्या पेरणीसाठी चांगली कणसे निवडून राखणाऱ्या शेतकऱ्याचीच ही रीत. ऑटोडेस्क या कंपनीने २०१७ च्या सुमारास टोरांटोतले आपले कार्यालय असेच आखले. त्यासाठी दहा हजार आराखडे निघाले. मला मात्र त्या आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. तिथे बसणाऱ्या माणसांना आधी विचारले गेले होते: कोणाजवळ बसायचे, उजेड किती हवा, गोंगाट किती चालेल?

आपल्याकडे फ्लॅट घेणाऱ्याला असे कोण विचारतो? सॉफ्टवेअर विकत घेणार बिल्डर, म्हणून यादीही त्याचीच. विकता येईल असे क्षेत्रफळ, गाड्यांची जागा, बांधकामाचा खर्च. यात त्याचे काही चुकले असे नाही, तो त्याचा धंदा आहे. राज्याची २०२० सालची एकत्रित विकास नियमावली सामासिक अंतरे आणि उंची पाहील. पण जे यादीत नाही त्याला संगणक शून्य गुण देतो, आणि ज्याला शून्य गुण ते नकाशातून गळते. हजारांतला पहिला आलेला नकाशाही मग दुसऱ्याच्याच परीक्षेत पहिला आलेला असतो.

नागपूरची यादी तर वेगळीच असायला हवी. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एके दिवशी भर दुपारी इथे सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सर्वाधिक तापते ते छत, आणि त्याखालोखाल पूर्व-पश्चिमेच्या भिंती. दक्षिणेची भिंत त्या दिवसांत बरीचशी बचावते आणि थंडीत मात्र छान ऊन घेते. दक्षिणमुखी म्हणून नाकारलेले घर अनेकदा पश्चिममुखी घरापेक्षा सुखाचे असते, ते यामुळे. आजी-आजोबांची खोली पश्चिमेला टाकणारा नकाशा कागदावर कितीही देखणा दिसला, तरी मे महिन्यात ती खोली रात्री दहापर्यंत धुमसत राहते.

आणि आपला कूलर! तो खिडकीबाहेर बसतो, बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत ढकलतो आणि आतली दमट हवा बाहेर जायला समोरच्या बाजूची वाट मागतो. ती वाट नसेल तर तासाभरात खोलीत चिकचिक होते. एसीचे नेमके उलटे. त्याला बंद खोली लागते. एसी गृहीत धरून आखलेल्या खोलीत कूलर चालत नाही, आणि मग ज्याला एसीचे बिल परवडत नाही त्याने काय करावे? समोरासमोर दोन खिडक्या, कूलरसाठी स्टँडची जागा, जवळ पाण्याचा नळ, पापड-कुरडयांच्या वाळवणापुरती गच्ची या गोष्टी कोणाच्या यादीत आहेत?

यादीचे महत्त्व जाणणारा एक वास्तुतज्ज्ञ साठ वर्षांपूर्वी होऊन गेला. ख्रिस्तोफर अलेक्झांडर गुजरातेतल्या एका खेड्यात जाऊन राहिला आणि १९६४ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने सहाशे वस्तीच्या भारतीय खेड्याच्या १४१ गरजा मांडल्या. त्यांची गटवारी लावायला त्याने संगणक वापरला. पण गरजा ओळखायला त्याला त्या मातीतच यावे लागले. पुढे त्यानेच, नुसत्या पद्धतीच्या मागे लागू नका, असे बजावले.

कोणी म्हणेल, आजची सॉफ्टवेअर ऊन आणि वाराही मोजतात. अगदी खरे! म्हणूनच तर 'ते जमणार नाही' ही जुनी सबब आता चालू देऊ नये. पश्चिमेची खोली किती तापेल, हे सांगणे आता काही मिनिटांचे काम आहे. आकडा आल्यावर तो पारखायला माणूस मात्र हवा. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. पुढे संवेदक बिघडल्याचे हवामान खात्याने सांगितले. यंत्राला आपण चुकतो आहोत हे कळत नव्हते, माणसाला कळले.

तेव्हा घर घेणाऱ्यांनो, बुकिंगची रक्कम भरण्याआधी एका संध्याकाळी सगळ्या घराने एकत्र बसावे आणि कागदावर आपली यादी करावी. आजीला विचारा, शाळकरी मुलांना विचारा, स्वयंपाकघरात ज्यांचा निम्मा दिवस जातो त्यांना तर आधी विचारा. मग ती यादी घेऊन बिल्डरकडे किंवा वास्तुविशारदाकडे जा आणि त्यांच्या संगणकाने तिला किती गुण दिले, ते मागा. नकाशा बदलायला आज पैसे लागत नाहीत. भिंत उभी राहिल्यावर लागतात.