सीए फाउंडेशन : क्लासच्या आधी अभ्यासक्रम बघा



दहावीचा निकाल लागला की कॉमर्सच्या शिक्षकांना हमखास विचारलं जातं, "सर, मुलाला सीएला टाकायचंय, कुठला क्लास लावू?" माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. काय वाचायचंय ते आधी नीट पाहिलं, तर क्लास लागेल की नाही आणि लागलाच तर कुठल्या विषयाला, ते बरंचसं आपोआप कळतं. फीचा आकडा मोठा असतो म्हणून तरी एवढं करा.

२०२४ च्या जूनपासून फाउंडेशनची परीक्षा नव्या रचनेने होते. चार पेपर, प्रत्येकी १०० गुण. अकाउंटिंग आणि बिझनेस लॉज हे दोन लेखी, तर क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड आणि बिझनेस इकॉनॉमिक्स हे दोन पर्याय निवडण्याचे. प्रत्येक पेपरात ४० हवेत आणि चारही मिळून २००. इथे घरोघरी गैरसमज असतो. चारही विषयांत काठावर ४०-४० मिळाले तर बेरीज होते १६०, म्हणजे नापास. म्हणून मुलाच्या हाताशी एक तरी विषय ७०च्या पुढे नेणारा असायला हवा. तो विषय बहुतेकांच्या बाबतीत अकाउंट्सच असतो.

आता आपल्या राज्य मंडळाची पुस्तपालनाची पुस्तकं उघडा. अकरावीत रोजकीर्द, खतावणी, तेरीज, बँक जुळवणी पत्रक, घसारा, चुकांची दुरुस्ती. बारावीत भागीदारी, नवा भागीदार येणं, जुना निवृत्त होणं, नफा न कमावणाऱ्या संस्थांची खाती, हुंड्या, भागविक्री. फाउंडेशनच्या अकाउंटिंगचा मोठा भाग हाच आहे! साठ्याचं मूल्यांकन, कर्जरोखे, बोनस भाग असे काही धडे वरचे. तरीही अकरावी म्हणजे "विश्रांतीचं वर्ष" समजून कॉलेजचा तास बुडवायचा आणि तोच धडा संध्याकाळी पैसे मोजून शिकायचा, असं सर्रास चालतं. शिक्षक म्हणून मला हे पटत नाही. कॉलेजमध्ये तास नीट होत नाहीत ही तक्रार काही ठिकाणी खरी असेल, पण पुस्तक तर घरात आहे ना?

मराठी माध्यमाच्या मुलांची अडचण वेगळी आहे. नावे-जमा त्यांना पक्कं येतं, पण प्रश्न इंग्रजीत आला की गडबडतात. परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. अशा मुलाला हिशेब पुन्हा शिकवू नका, त्याला शब्द द्या. एक वही करायला लावा. डावीकडे घसारा, उजवीकडे डेप्रिसिएशन. डावीकडे ताळेबंद, उजवीकडे बॅलन्स शीट. रोज दहा शब्द. हे काम कुठलाही क्लास करून देत नाही, आणि आई-वडिलांना हिशेब येत नसला तरी वही घेऊन शब्द विचारता येतात.

सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते कायद्याच्या पेपरकडे. १८७२ चा करार कायदा, १९३० चा मालविक्री कायदा, १९३२ चा भागीदारी कायदा, १८८१ चा चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा, शिवाय एलएलपी आणि कंपनी कायदा. मुलं हे इतिहासासारखं पाठ करायला जातात. पेपरात मात्र गोष्ट दिलेली असते. समजा, सतरा वर्षांच्या मुलाने सावकाराकडून पन्नास हजार घेतले आणि करारावर सही केली. सावकाराला त्या करारावर दावा लावता येईल का? "नाही" एवढ्याने गुण मिळत नाहीत. आधी तरतूद सांगायची : करार करायला व्यक्ती सज्ञान हवी, अज्ञानाचा करार मुळातच निरर्थक. मग ती या मुलाला कशी लागू पडते ते लिहायचं, मग निष्कर्ष. तीन पायऱ्या. ही सवय लिहून लिहूनच लागते, व्हिडिओ बघून लागत नाही. पालकांनी एकच करावं, आठवड्याला अशी पाच उत्तरं हाताने लिहिलेली दिसली पाहिजेत. भाषेच्या शिक्षकांनीही इथे हात लावावा, कारण खरी कमतरता कायद्याची नसून सलग चार वाक्यं नेमकी लिहिण्याची असते.

गणिताचं बोलायचं तर निर्णय अकरावीच्या प्रवेशालाच होतो. गणित की एसपी? गुण सोपे पडतात म्हणून एसपी घेणारी मुलं पुढे लॉगरिदम आणि क्रमचयाशी झगडतात. सीएचा विचार असेल तर गणितच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पेपरात गणित ४०, संख्याशास्त्र ४० आणि तर्क २० गुणांचा. दिशा, नातीगोती, बैठकव्यवस्था असे तर्काचे प्रश्न जेवणाच्या टेबलावरही सोडवता येतात.

या दोन पेपरांत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. तरी घाबरून निम्मा पेपर कोरा सोडणं शहाणपणाचं नाही. चारपैकी एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं, तर उरलेल्या तिघांतून निवडणं हिशेबाने फायद्याचंच पडतं. अर्थशास्त्राबद्दल फार सांगत नाही. बारावीचं पुस्तक समजून वाचलेल्याला ते जड जात नाही.

पुस्तकं कुठली? इन्स्टिट्यूट स्वतःचं अभ्याससाहित्य, सराव प्रश्नपत्रिका आणि जुने पेपर संकेतस्थळावर फुकट देते. आधी ते. गाईड नंतर, लागलंच तर.

आणि ज्या मुलाला अजून खात्री नाही, त्याला ढकलू नका. कॉमर्सची पदवी ५५ टक्क्यांनी मिळवली तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला जाता येतं.

ज्यांचं ठरलंय त्यांनी तारीख सांभाळा. परीक्षेआधी चार महिने नोंदणी लागते, म्हणजे सप्टेंबरला बसायचं तर १ मेपर्यंत. बारावीच्या निकालाची वाट बघत बसलात तर ती हुकू शकते आणि मूल थेट जानेवारीवर जातं. दहावीनंतर तात्पुरती नोंदणी करता येते, तेव्हा बारावीची परीक्षा संपली की त्याच आठवड्यात संकेतस्थळ बघून अर्ज भरून टाका.