दहावीनंतर काय? आधी तीन प्रश्न!



"दहावीनंतर काय करणार?" हा प्रश्न तुम्हाला आठवीपासूनच ऐकावा लागतो, खरं ना? लग्नात भेटलेले मामा विचारतात, दुकानदार काका विचारतात, एस.टी.त शेजारी बसलेले आजोबाही विचारतात. आणि गंमत म्हणजे उत्तरही तेच देऊन टाकतात! "नव्वद पडले तर सायन्स, सत्तर पडले तर कॉमर्स, नाहीतर आर्ट्स आहेच!"

जणू टक्के म्हणजे खिशातले पैसे, आणि जेवढे पैसे तेवढ्या लांबच्या गावाचं तिकीट! पण मला सांगा, एस.टी.त कंडक्टर आधी काय विचारतो? "कुठं जायचंय?" पैशाची गोष्ट त्यानंतर. आपण मात्र "कुठं जायचंय" हे विचारतच नाही.

मी चौथीपर्यंतच्या मुलांना शिकवते. पण दहावीचा निकाल लागला की माझी जुनी मुलं पेढे घेऊन शाळेत येतात. काही वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी आली. शहाऐंशी टक्के पडले होते. "बाई, मी सायन्स घेतेय." म्हटलं, "का गं?" तर म्हणाली, "एवढे टक्के पडलेत ना!" ही मुलगी सहावीपासून आईच्या बचत गटाचा हिशेब लिहायची, एक रुपया इकडचा तिकडे होऊ द्यायची नाही. अकरावीत तिचं मन लागलं नाही. वर्ष गेलं, क्लासची फी गेली, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे "आपण ढ आहोत" असं तिला वाटू लागलं. नंतर तिनं कॉमर्स घेतलं आणि पुन्हा हसू लागली. ती ढ नव्हतीच मुळी! तिला कुणी नीट विचारलंच नव्हतं.

म्हणून स्वतःला तीन प्रश्न विचारा. वहीत लिहून विचारा बरं का!

पहिला प्रश्न: मला काय जमतं, आणि काय करताना वेळेचं भान राहत नाही? "आवडतं" आणि "जमतं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रिकेट बघायला सगळ्यांनाच आवडतं! तुमच्यापैकी कितीतरी जण एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देतात. कशासाठी? दहावीला जादा गुण मिळतात म्हणून! गुण जरूर घ्या, पण ती परीक्षा तुमच्या हाताबद्दलही काही सांगत असते, तेही ऐका. आपल्या राज्यात 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली जात असे. अशा चाचणीतून आपला ओढा कुठं आहे ते कळतं. "अमुकच हो" असं मात्र कोणतीच चाचणी सांगत नाही. ते तुम्हीच ठरवायचं.

दुसरा प्रश्न: त्या कामाचा रोजचा दिवस कसा असतो? माझंच घ्या. लोकांना वाटतं, मास्तरकी म्हणजे खडू, फळा आणि उन्हाळ्याची सुट्टी! बारावीनंतर दोन वर्षांची पदविका करावी लागते. आमच्या वेळी तिला डी.एड. म्हणत, आता डी.एल.एड. म्हणतात. शिवाय शिक्षक पात्रता परीक्षा द्यावी लागते. मग शाळेत आलं की शिकवणं तर आहेच, पण पोषण आहाराच्या नोंदी आहेत, निवडणुकीचं काम आहे, जनगणना आहे, आणि पहिलीतल्या बाळाचं नाक पुसणंही आहे! हे सगळं माहीत असूनही ज्याला शाळेत यावंसं वाटतं, त्यानं जरूर शिक्षक व्हावं. डॉक्टर, पोलीस, वकील, शेफ, कुणाचंही तसंच. गणवेश बघून काम निवडू नका, दिवस बघून निवडा.

तिसरा प्रश्न: ही वाट धरली तर कोणती दारं उघडी राहतात आणि कोणती बंद होतात? इथं नीट लक्ष द्या. अकरावीला जीवशास्त्र सोडलंत, तर डॉक्टरकीसाठीच्या नीट परीक्षेची वाट अडते. गणित सोडलंत, तर इंजिनिअरिंगची अडते. पण काही दारं लोकांना बंद वाटतात, ती उघडीच असतात! सी.ए.ची फाउंडेशन परीक्षा बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या मुलांना देता येते. कलेक्टर व्हायचं तर कोणत्याही विषयाची पदवी चालते. खडकवासल्याच्या एन.डी.ए.त भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि हवाई दलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवं. आणि मुलींनो, 2022 पासून तिथं तुम्हालाही प्रवेश आहे. पहिली तुकडी 2025 साली बाहेर पडलीसुद्धा!

आता आय.टी.आय.ची गोष्ट. "मार्क कमी पडले की आय.टी.आय." असं म्हणणं हा त्या मुलांच्या हाताचा अपमान आहे. घरची मोटर बिघडली की आपण कुणाची वाट बघतो? दहावीनंतर इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला, तर पुढे पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पॉलिटेक्निकची तीन वर्षांची पदविका झाली, की इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे ही वाट मध्येच संपत नाही. जिना थोडा वेगळा, एवढंच!

आता पालकांसाठी दोन शब्द. आई-बाबा, तुमची काळजी खोटी नाही. घरात पगार किती येतो आणि फी किती लागते, हे तुम्हालाच ठाऊक असतं. ते मुलांना मोकळेपणानं सांगा, पंधरा वर्षांचं मूल ते समजू शकतं. मात्र आपलं राहून गेलेलं स्वप्न त्यांच्या दप्तरात भरू नका. आणि शेजारच्या मुलाचे टक्के घरात आणू नका. 2025 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे. पसंतीक्रम भरायला हातात मोजके दिवस असतात. त्या घाईत सायबर कॅफेतल्या दादानं सुचवलेली शाखा घेण्यापेक्षा नववीतच घरी बसून बोललेलं बरं, नाही का?

मुलांनो, या आठवड्याचा गृहपाठ सांगते. तीन वेगवेगळी कामं करणाऱ्या तीन माणसांना भेटा. एक तरी हातानं काम करणारं असू द्या, आणि एक तरी बाई असू द्या. चार गोष्टी विचारा: सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करता? हे कसं शिकलात? यातलं सर्वांत कंटाळवाणं काय? पुन्हा दहावीत गेलात तर हेच निवडाल का? शेवटच्या प्रश्नाला ती माणसं थोडी थांबतील. त्यांना थांबू द्या, घाई करू नका. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा.

वही आई-बाबांनाही दाखवा, बरं का!