दुबळ्या संघाचा बचाव

आंतरमहाविद्यालयीन कबड्डीत दुबळा संघ सामना घालवतो तो बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांत, आणि घालवतो तो बचावात. समोरचा नावाजलेला चढाईपटू आत येतो, कोपरारक्षक पहिल्याच चढाईत त्याच्या घोट्यावर सूर मारतो, हात निसटतो, मदतीला धावलेल्या दोघांना स्पर्श होतो आणि एका फटक्यात तीन गडी बाहेर जातात. मग दोन-तीन चढायांत लोण. सात गड्यांचे सात गुण आणि लोणाचे दोन, असे नऊ गुण प्रतिस्पर्ध्याच्या नावावर लागले की उरलेला सामना केवळ वेळ संपवण्यापुरता राहतो.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. यांतल्या मोठ्या शहरांतील महाविद्यालयांचे संघ अनेकदा दोन-तीन वर्षे एकत्र खेळलेले असतात. काहींना सरावाला मॅटही मिळते. परभणी जिल्ह्यातील सोनपेठ, पालम, मानवत अशा तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाची स्थिती निराळी असते. तिथला खेळाडू सकाळच्या एसटीने येतो आणि दुपारच्या एसटीने परततो. स्पर्धेचे दिवस पुष्कळदा सोयाबीन काढणीच्याच दिवसांत येतात आणि घरच्या रानात त्याची गरज असते. सातही गडी एका वेळी मैदानावर सापडणे हाच मोठा योग. याचा पहिला फटका बचावाला बसतो. चढाईचा सराव एकटा गडी दोघा-तिघांना समोर घेऊन करू शकतो. साखळी मात्र सात जणांनी मिळूनच बसवावी लागते. म्हणून अशा संघाला शिकवायचा बचाव थोडक्या नियमांचा, लवकर अंगवळणी पडणारा आणि चुकीला कमी वाव देणारा असला पाहिजे. क्रीडा संचालकांनी त्याची आखणी करताना पकडींची संख्या बाजूला ठेवून प्रतिस्पर्ध्याच्या रिकाम्या चढाया मोजायला सुरुवात करावी.

त्यामागचे गणित साधे आहे. पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा, म्हणजे २,४०० सेकंदांचा. एका चढाईला ३० सेकंद मिळतात आणि एक चढाई संपल्यावर पाच सेकंदांत दुसऱ्या बाजूचा गडी निघावा लागतो. प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली तर सामन्यात दोन्ही बाजूंच्या मिळून जेमतेम ६८ चढाया होतात. तीच सरासरी पंधरा सेकंदांवर आली तर १२० होतात. चढाया जितक्या जास्त, तितका दोन्ही संघांचा खरा कस उघडा पडतो, आणि दुबळ्या संघाला तेच परवडत नाही. कमी चढायांच्या, कमी गुणांच्या सामन्यात एखादी चांगली पकड किंवा प्रतिस्पर्ध्याची एखादी चूक निकाल फिरवू शकते. ५०-४५ असा सामना बलाढ्य संघ क्वचितच हरतो. २२-२१ असा सामना तो हरू शकतो.

याचा सर्वांत मोठा दाखला आशियाई क्रीडा स्पर्धांतला आहे. १९९० साली बीजिंगला कबड्डीचा समावेश झाल्यापासून २०१४ पर्यंतची पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताने जिंकली होती. २०१४ च्या इंचॉन येथील अंतिम सामन्यात इराण २५-२७ असा हरला. चार वर्षांनी जकार्तात उपांत्य फेरीत त्याच इराणने भारताला २७-१८ असे हरवले. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. इराणचे गुण २५ वरून २७ झाले, म्हणजे त्यांत फार मोठा फरक पडला नव्हता. भारताचे मात्र २७ वरून १८ वर आले. फजल अत्राचलीसारखा डावा कोपरारक्षक आणि त्याच्या भोवतीची संयमी साखळी यांनी ते नऊ गुण अडवले. त्याच स्पर्धेच्या साखळी फेरीत दक्षिण कोरियाने भारताला २४-२३ असे हरवले होते. तोही कमी गुणांचाच सामना होता.

बचावाची आखणी मैदानावर किती गडी उरले आहेत यावर ठरते, आणि इथेच बहुतेक महाविद्यालयीन संघ गोंधळतात. सात गडी असोत वा तीन, त्यांची उभे राहण्याची आणि झेप घेण्याची रीत एकच असते. वास्तविक नियमच प्रत्येक संख्येला वेगळा भाव देतात. सहा किंवा सात गडी असताना बोनस खुला असतो. पाच झाले की बोनस बंद. तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी चढाईपटू धरला तर अव्वल पकड होते आणि एक गुण जादा मिळतो.

सात गडी असताना बोनस वाचवण्याचा अट्टहास दुबळ्या संघाने सोडून द्यावा, हे अनेक प्रशिक्षकांना पटणार नाही, पण हिशेब त्याच बाजूचा आहे. बोनसचा एक गुण जातो. गडी बाद होत नाही, आणि त्या गुणाने प्रतिस्पर्ध्याचा बसलेला गडीही उठत नाही. हाच बोनस रोखायला कोपरारक्षक पुढे सरकला आणि हाताच्या टोकाने टिपला गेला, तर गुणही जातो आणि गडीही. शिवाय गडी बाद झाले त्याच क्रमाने उठतात. मुख्य कोपरारक्षक आधी बाहेर गेला तर संघाला पुढचा गुण मिळेपर्यंत तो बाकावर बसून राहतो आणि त्याच्या कोपऱ्यात चढाईपटू चढाईमागून चढाई करत राहतो. पहिल्या पाच-सात मिनिटांत तीन-चार बोनस गेले तरी चालतील, सात गडी मैदानावर राहिले पाहिजेत.

पाच गडी असताना चित्र पालटते. बोनस नसल्यामुळे चढाईपटूला स्पर्श करण्यावाचून गुण नाही. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर आणि अंतिम रेषा ६.५ मीटरवर असते, म्हणजे निदान रेषेमागे २.७५ मीटर खोली मिळते. पाचही गड्यांनी या खोलीचा पुरेपूर उपयोग करून मागे राहावे, चढाईपटूला आत येऊ द्यावे आणि तो परतेपर्यंत अंतर राखावे. चार गडी ही सर्वांत अवघड संख्या. झटापट सुरू होण्यापूर्वी राखीव क्षेत्र सोडून मैदानाची रुंदी आठ मीटर असते; सात जणांत ती वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा मीटरही येत नाही, चौघांत वाटली तर दोन मीटर येते. अव्वल पकडीचा जादा गुणही चौघांना नाही. मुद्दाम एक गडी देऊन तिघांवर यावे आणि अव्वल पकडीची वाट पाहावी, हा सल्ला महाविद्यालयीन पातळीवर घातक आहे. तिघांचा बचाव वर्षानुवर्षे एकत्र खेळलेल्या संघाला जमतो. नवख्या संघाचा त्यातून लोणच होतो. चौघांनी फक्त टिकून राहावे आणि स्वतःच्या चढाईतून पाचवा गडी उठवावा.

लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाही तर चढाईपटू बाद होतो. दुबळ्या संघाची खरी पकड इथे आहे. पहिल्या दोन चढायांत चढाईपटू कधी, कुठून, कोणावर चाल करील हे त्याच्या हातात असते. तिसरीत त्याला यावेच लागते. साखळीत सहा गडी आहेत असे धरू. चढाईपटूसमोर दोनच वाटा उरतात, स्पर्श किंवा बोनस, आणि घाईला आलेला चढाईपटू शेवटच्या दहा सेकंदांत सहसा बोनसकडे वळतो. बोनस मिळवायचा तर एक पाऊल ४.७५ मीटरवरच्या रेषेपलीकडे टेकवून मागचा पाय हवेत उचलावा लागतो. त्या क्षणी त्याचा सगळा भार एका पायावर असतो, शरीर पुढे झुकलेले असते आणि मध्यरेषा पावणेपाच मीटर मागे राहिलेली असते. कोपरारक्षकाने त्याच टेकलेल्या पायाचा घोटा दोन्ही हातांनी धरावा, डोके पायाच्या बाहेरच्या बाजूला ठेवून. त्याचा साखळीतला जोडीदार मांडीवर जातो. मध्यरक्षकाने चढाईपटूला हात लावण्याच्या भानगडीत न पडता त्याच्या आणि मध्यरेषेच्या मध्ये आपली छाती आणावी. ही तिसरी हालचालच बहुतेक संघांकडून सुटते; मध्यरक्षक मागून धरायला धावतो आणि चढाईपटू त्याला घेऊनच रेषेवर पडतो. बोनसचा गुण गेला तरी हा सौदा फायद्याचा असतो. पकडीचा गुण मिळून हिशेब बरोबरीत राहतो आणि प्रतिस्पर्ध्याचा मुख्य चढाईपटू बाहेर बसतो.

तिसरी चढाई प्रतिस्पर्ध्यावर आणायची तर आधीच्या दोन रिकाम्या काढाव्या लागतात, आणि तिथे पकडीचा मोह हाच खरा शत्रू ठरतो. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाल्यापासून मुले दूरचित्रवाणीवर रोज अव्वल पकडी पाहतात. संथपणे मागे सरकून चढाईपटूला हात हलवत परत पाठवणारा बचाव त्यांच्या लक्षात राहत नाही. पहिल्या दोन चढायांसाठी एकच सूचना पुरे: चढाईपटूने साखळीकडे पाठ फिरवल्याशिवाय किंवा तोल सोडल्याशिवाय कोणीही हात घालायचा नाही. आरोळी एकानेच द्यायची. कोपऱ्यातला गडी आणि मध्यरक्षक असे दोघेही ओरडू लागले की साखळी दोन्हीकडे ताणली जाते आणि मध्ये दार उघडते.

स्वतःची चढाई हाही या बचावाचाच भाग समजावा. दुबळ्या संघाच्या चढाईपटूने निदान रेषा ओलांडून पूर्ण वेळ वापरावा, तिसाव्या सेकंदाच्या काठावर परतावे. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानात जास्तीत जास्त वेळ सामना खेळला गेला तर तेवढा वेळ आपला बचाव विसावतो. आपल्यावर तिसरी चढाई आली तर तिच्यासाठी कोपरारक्षकाला किंवा मुख्य मध्यरक्षकाला कधीही पाठवू नये, तो कितीही चपळ असो. ज्याच्या जाण्याने साखळी मोडणार नाही असाच गडी त्या चढाईला जावा. प्रत्येक डावात ३० सेकंदांचे दोन टाइमआउट मिळतात. मैदानावर चार गडी उरताच त्यातला एक घेणे शहाणपणाचे, लोण झाल्यावर घेऊन उपयोग नाही.

तांत्रिक चुकांमुळे जाणारे गुण तर पूर्णपणे वाचवण्यासारखे असतात. स्पर्श होण्यापूर्वी राखीव क्षेत्रात पाय पडलेला बचावपटू बाद, अंतिम रेषेबाहेर पाय गेलेलाही बाद. मागे सरकत बचाव करणाऱ्या संघाला हा धोका जास्त, म्हणून कोपरारक्षकांच्या पायाला रेषा न पाहताच कळली पाहिजे. तिसऱ्या चढाईचा आणि अव्वल पकडीचा नियम स्पर्धेत नेमका कसा लावला जाणार आहे, हे पहिल्या सामन्याआधी तांत्रिक समितीला विचारून घेणेही संघव्यवस्थापकाचे काम आहे.

सरावाची जागा हा परभणीतला वेगळाच प्रश्न आहे. काळी माती पावसात पायाला धरून बसते आणि उघडीप पडली की कडक होऊन भेगाळते. अशा जमिनीवर सूर मारायला कोपरारक्षक घाबरतो, गुडघे सोलून निघतात, आणि तो उभ्यानेच वाकून घोटा धरायची खोड लावून घेतो. ती खोड मॅटवर महागात पडते, कारण बूट घातलेला चढाईपटू तिथे मातीपेक्षा लवकर पाय काढून घेतो. नियमांत मैदान माती, शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळून मऊ केलेले असावे असे म्हटले आहे. पूर्ण मैदान तयार करण्याइतके पैसे नसतील तर निदान दोन कोपऱ्यांचे तीन-तीन मीटरचे चौकोन खणून त्यात हे मिश्रण भरावे. सूर मारण्याचा सगळा सराव त्या दोन चौकोनांतच होतो.

सातही गडी न जमणाऱ्या संघाने साखळी जोड्यांत बसवावी. उजवा कोपरा आणि त्याच्या शेजारचा गडी ही एक जोडी, डावीकडची दुसरी, मध्यरक्षकांची तिसरी. एका गावातले किंवा एकाच एसटीने येणारे दोघे एका जोडीत ठेवले तर काढणीच्या दिवसांतही त्यांचा सराव खंडत नाही. गावातल्या मैदानावर तिसऱ्या एखाद्याला चढाईला घेऊन ते घोटा आणि मांडीची पकड घोटवू शकतात. महाविद्यालयात आठवड्यातून एकदा सगळे जमतील तेव्हा तीन जोड्या आणि एक मोकळा गडी एकत्र आणून फक्त मागे सरकण्याचा सराव घ्यावा: चढाईपटूला ३० सेकंद देऊन, पकड पूर्णपणे बंद ठेवून, स्पर्श न होता किती चढाया रिकाम्या गेल्या याची नोंद वहीत करत. मुलींच्या मैदानात निदान रेषा तीन मीटरवर, अंतिम रेषा सहा मीटरवर आणि राखीव क्षेत्राखेरीज रुंदी सहा मीटर असते. त्यामुळे त्यांच्या साखळीत जोड्यांमधले अंतर कमी ठेवावे लागते आणि मागे सरकण्याऐवजी बाजूला सरकण्यावर भर द्यावा लागतो. नोंदीची वही मात्र दोन्ही संघांसाठी एकाच पद्धतीने ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी येणाऱ्या नव्या गड्यांची पकड बसवताना कोणत्या जोडीचा कोपरा सारखा टिपला जात होता, हे प्रशिक्षकाला पहिल्याच आठवड्यात कळते.